‘टर्की’ : एका पक्षिनामाची व्युत्पत्ती

वस्तूच्या नावात देशाचे नाव आढळले की तो देश तिचे मूळस्थान असावा, असे अनुमान व्युत्पत्तिविचारात वारंवार केले जाते. हे अनुमान किती फसवे असू शकते, हे इंग्रजीतील ‘टर्की’ या पक्षिनामावरून स्पष्ट होते.

हा पक्षी मूळचा अमेरिका खंडातील. मेक्सिकोत तो माणसाळला आणि सोळाव्या शतकाच्या आरंभी स्पॅनिश लोकांनी तो युरोपात नेला. इंग्रजीत मात्र ‘टर्की’ हे नाव आधी आफ्रिकेतील गिनी कोंबडीस मिळाले होते, कारण ती तुर्की प्रदेशांतून येते असा समज होता. पुढे दोन्ही पक्ष्यांची गल्लत होऊन ते नाव अमेरिकन पक्ष्याकडे गेले. शास्त्रीय परिभाषाही या गोंधळातून सुटली नाही. लिनियसने १७५८ मध्ये योजलेली ‘मेलेआग्रिस’ ही संज्ञा मूळ ग्रीकमध्ये गिनी कोंबडीचीच होय.

खुद्द तुर्की भाषेत या पक्ष्यास ‘हिंदी’ म्हणतात. फ्रेंच नावाचा अर्थ ‘हिंदचा’ असा, तर डच ‘काल्कून’मध्ये कालिकत बंदर दडलेले आहे. अमेरिकेलाच ‘इंडीज’ समजण्याच्या भ्रमाचा हा अवशेष होय. हे डच नाव पुढे सिंहलीत ‘कळुकुम’ या रूपाने रूढ झाले. म्हणजे कालिकतचे नाव युरोपास वळसा घालून शेजारच्या बेटावर परतले.

आपल्याकडील नोंद गोव्याशी निगडित आहे. १६१२ मध्ये मुकर्रबखानाने गोव्याहून आणलेल्या अपूर्व प्राण्यांत हा पक्षी होता. त्यांची नावे कोणास ठाऊक नव्हती, असे जहांगीर आत्मवृत्तात नमूद करतो. उस्ताद मन्सूरने रेखाटलेले या पक्ष्याचे चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. पोर्तुगीज त्याला ‘पेरू’ म्हणत; हिंदीतील ‘पीरू’ हे त्याचेच रूप.

मराठीत मात्र ‘पेरू’ म्हणजे फळ. म्हैसूरकडे कन्नडात त्याला ‘सीबे’ म्हणतात आणि पोर्तुगीजमध्ये ‘गोयाबा’. म्हणून मराठी शब्द पोर्तुगीज फलनामावरून थेट आलेला नाही. कोणी तो पेरू देशाशी जोडतात, कोणी नासपतीवाचक ‘पेरा’ या पोर्तुगीज शब्दाशी. केवळ ध्वनिसाम्यावर येथे निर्णय देणे म्हणजे ‘टर्की’ची चूक पुन्हा करणे होय. नाव वस्तूचे जन्मस्थान सांगतेच असे नाही. ती कोणाच्या हातून आली, किंवा आली असे लोकांना वाटले, एवढेच ते पुष्कळदा सांगते. भारतीय भाषांतील आगत शब्दांचा अभ्यास करताना हा विवेक सुटता कामा नये.