भाताला हवेतला नायट्रोजन का पुरत नाही?

शिक्षक मित्रांनो, 'बंध तुटला की ऊर्जा बाहेर पडते' असं मीही वर्गात सांगून बसले होते. चूक! बंध तोडायला ऊर्जा द्यावीच लागते. बाहेर पडते ती नवे बंध जुळताना.

उदाहरण पनवेलच्या भातशेतीचं द्या. हवेत 78 टक्के नायट्रोजन, तरी युरिया का टाकतात? नायट्रोजनचा तिहेरी बंध भारी चिवट. 28 ग्रॅम वायूसाठी सुमारे 945 किलोज्यूल लागतात. भाताच्या रोपाला ते जमत नाही. आपल्याच रायगडात, थळच्या आरसीएफ कारखान्यात उत्प्रेरक, उष्णता आणि प्रचंड दाब वापरून आधी अमोनिया, मग युरिया करतात.

भातानंतर लावलेल्या वालाच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणूही हा बंध तोडतात, ऊर्जा वालाच्याच साखरेतून घेऊन. एक रोप मुळासकट वर्गात आणा.