पोटाला हात कोण लावणार?

शुगर वाढली की पहिला संशय पेशंटच्या जिभेवर. डॉक्टर, नवरा, नणंद, शेजारच्या काकू, सगळे एका सुरात विचारतात, "काय खाल्लं?" प्रस्तुत लेखिकेने हा प्रश्न वर्षानुवर्षं ऐकला. भात सुटला, आमरसाची वाटी समोरून सरकवून दिली, तरी तीन महिन्यांची सरासरी शुगर (HbA1c) नऊच्या खाली येईना. दर खेपेला डॉक्टरसाहेब फाईल चाळत आणि इन्सुलिनचे चार युनिट वाढवत. वर "काकू, तोंडावर ताबा ठेवा" हे होतंच. काकूंचा तो ताबा या लेखापुरता सुटणार आहे, त्याला इलाज नाही.

एक कोडं मात्र सुटत नव्हतं. एखाद्या दुपारी काही कारण नसताना घाम फुटे, हात थरथरत, शुगर साठच्या खाली. वाढलेली शुगर चोरून खाल्ल्याची, समजा. मग ही उतरलेली कशाची?

उलगडा झाला तो दुसऱ्याच एका दवाखान्यात. तिथल्या डायबिटीस एज्युकेटर मुलीने रिपोर्ट बाजूला ठेवले आणि विचारलं, "मॅडम, सुई कुठे टोचता ते दाखवा." बोटांना जरा जेल लावून तिने बेंबीच्या दोन्ही बाजूंना हात गोल गोल फिरवला. उजवीकडे बोटं थबकली. मग तिने लेखिकेचाच हात धरून तिथे ठेवला. कातडीखाली लिंबाएवढा घट्ट उंचवटा! बाजूची कातडी चिमटीत सहज येत होती, तिथली येईना. डावीकडेही तसाच, थोडा लहान. हाच फुगवटा आधीच्या डॉक्टरांना दाखवला होता, तेव्हा त्यांनी खुर्चीतून न उठता "चरबी आहे, चालायला जा" असा निकाल दिला होता.

चरबी होतीच, पण इन्सुलिनने वाढवलेली. या गाठींना लिपोहायपरट्रॉफी म्हणतात. इन्सुलिन पेशींना चरबी साठवायला लावतं, म्हणून रोज त्याच जागी टोचलं की तिथल्या चरबीच्या पेशी फुगत जातात. तीच सुई पुन्हा पुन्हा वापरली तर आणखी. गाठीत सुई फारशी दुखत नाही, त्यामुळे हात आपोआप तिकडेच वळतो. आणि गाठीतून इन्सुलिन रक्तात कधी उशिरा उतरतं, कधी अर्धवट, कधी एकदम. स्पेनमध्ये इन्सुलिन घेणाऱ्या ४३० जणांची पाहणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. त्यात ६४ टक्क्यांहून अधिक लोकांना अशा गाठी होत्या. गाठी असलेल्यांपैकी ३९ टक्के लोकांची शुगर विनाकारण उतरत असे, नसलेल्यांत हे प्रमाण सहा टक्केही नव्हतं. इतकं सर्रास दुखणं, आणि तपासायला दोन मिनिटं पुरतात.

आधीच्या डॉक्टरांना हे सांगितलं, तर "होतं असं कधी कधी" म्हणाले. पोटाकडे त्यांनी तेव्हाही पाहिलं नाही.

टोचल्या जागेचा त्रास तसा इन्सुलिनइतकाच जुना. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटोत चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला पहिलं इंजेक्शन दिलं, तर त्या जागी गळू झालं. इन्सुलिनचा तो अर्क अशुद्ध होता. बायोकेमिस्ट जेम्स कॉलिपने तो शुद्ध केल्यावर २३ तारखेपासून गुण आला. पुढे गाई-डुकरांपासून काढलेल्या इन्सुलिनने कातडीला खड्डे पडत, ते आता क्वचित दिसतात. उरली खाज आणि लाली. ती कधी इन्सुलिनची, कधी त्यात घातलेल्या मेटाक्रेसॉल किंवा प्रोटामिनची, तर कधी नुसत्या न वाळलेल्या स्पिरिटची असते. बहुधा आपोआप ओसरते. पण अंगभर पित्त उठलं, ओठ सुजले, श्वास अडला तर तडक हॉस्पिटल गाठावं. जागा गरम लागून ठणकत असेल, पू दिसत असेल, तरीही डॉक्टरांना दाखवावं.

सगळ्यात महत्त्वाचं कुणी आपणहून सांगत नाही. गाठ सोडून चांगल्या जागी टोचायला लागलात की जुना डोस चालत नाही. गाठीत वाया जातं म्हणून वाढवलेले युनिट चांगल्या कातडीत पुरेपूर लागू पडतात आणि शुगर धाडकन उतरते. त्या मुलीने आपल्या डॉक्टरांना विचारून डोस आधीच कमी करून घेतला, पहाटेची शुगरही तपासायला लावली, म्हणून निभावलं. मनाने डोस बदलू नये, पण हा प्रश्न विचारल्याशिवाय केबिनमधून उठूही नये.

पोटाचे चार भाग कल्पावेत आणि दर आठवड्याला एकेक वापरावा. बेंबीपासून दोन बोटं आणि कालच्या टोचणीपासून एक बोट लांब राहावं. मांडीही आहेच. फ्रीजमधलं गारढोण इन्सुलिन लगेच टोचू नये. सुई आत गेल्यावर दहा अंक मोजून काढावी, चोळू नये. आंघोळीला साबणाच्या हाताने अधूनमधून स्वतःच चाचपावं. चालणं, पथ्य, वेळेवर झोप हे तर सगळे सांगतातच.

गाठीत टोचणं थांबवलं की त्या काही महिन्यांत बसू लागतात. डावीकडची बसली, उजवीकडची अजून हाताला लागते. सुई मात्र दर वेळी नवी घ्यावी. खर्च वाढतो, खरंय. पण वाढीव युनिटही कुणी फुकट देत नव्हतं. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बरणीत साठवाव्यात आणि दवाखान्यात घेतात का ते विचारावं. घरच्या कचऱ्यात सुट्या टाकल्या तर घंटागाडीवरच्या माणसाच्या हातात घुसतात.