आशाताई, आधी घर बघ

पोरी, आशा म्हणून तुझी निवड झाली, प्रशिक्षणही झालं. आता हजारभर लोकवस्ती तुझ्याकडे. काय सांगायचं ते तुझ्या पुस्तकात आहेच. पण ज्या घरात सांगतेस, तिथे ते पाळता येईल का, हे तुलाच बघायचंय. गटप्रवर्तक म्हणून माझं शिकवणं एवढंच.

गरोदर बाईला रक्तवाढीच्या गोळ्या देशील. ती सकाळीच कापूस वेचायला जात असेल, तर आधी विचार, चहा कधी पिते, डबा कधी खाते? चहाबरोबर लोह नीट अंगी लागत नाही. रात्रीच्या जेवणानंतर जमत असेल तर तीच वेळ ठरवून दे. शौचाला काळं होईल, कधी मळमळेल, हे आधीच सांग. नाहीतर ती घाबरून गोळ्या फडताळात टाकेल आणि तुझ्या रजिस्टरात मात्र ‘दिल्या’ अशी नोंद राहील.

सासूला वगळून सुनेशी बोलू नकोस. बाळाला मध चाटवायचा की आईचा चीक पाजायचा, हे बऱ्याच घरांत सासूच ठरवते. तिचं चुकलं म्हणालीस की संपलं. तिची बाळंतपणं कशी झाली ते विचार, ऐकून घे. मग म्हण, ‘मावशी, चीक टाकू नका, त्यानं बाळाला ताकद येते. मध मात्र नको.’

दवाखान्यात बाळंत झालेलीकडे 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी जायचंच. घरात पूजा असो नाहीतर पाहुणे. बाळाला घेण्याआधी सगळ्यांदेखत साबणाने हात धू. घरचे बघून शिकतात. बाळ दूध ओढेना, अंग गार किंवा ढिलं पडलं, तर उद्यावर टाकू नकोस. तिथूनच 102 किंवा 108 ला फोन लाव.

जुलाबाच्या पुडीवर एक लिटर पाणी लिहिलेलं असतं, पण घरात लिटरचं माप कुठे? पाण्याची लिटरची बाटली सोबत ने, त्यांच्याच पातेल्यात ओतून कुठवर भरतं ते दाखव. झिंकच्या गोळ्या 14 दिवस द्यायच्या असतात. जुलाब थांबले की आई गोळ्या बंद करते, म्हणून चौथ्या दिवशी पुन्हा डोकाव.

कुणाला टीबीचं औषध चालू आहे, कोण पाळणा लांबवायच्या गोळ्या घेते, हे तुझ्या नवऱ्यालाही कळता कामा नये. दोन आठवड्यांवर खोकला असलेल्याला तुला थुंकी तपासायला पाठवायचंय. पाणवठ्यावर एकदा जरी बोललीस, तरी तो तुझ्यापासूनच खोकला लपवील.

‘तू काय डॉक्टर आहेस का?’ असं कुणीतरी म्हणेलच. वाईट वाटून घेऊ नकोस. जामखेडला आरोळे दांपत्याने 1970 मध्ये काम सुरू केलं आणि पुढे गावातल्याच बायकांना आरोग्याचं काम शिकवलं. त्यातल्या कितीतरी निरक्षर होत्या. गडचिरोलीत बंग दांपत्याने गावातल्या आरोग्यदूतांना घरोघरी नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं आणि बालमृत्यू घटले. तो अभ्यास 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. पुढे देशभरच्या आशांना ज्या गृहभेटी करायला सांगितल्या, त्यांचं मूळ तिथलं.

आता तुझ्यापुरतं. आपल्या मोबदल्याचा काही भाग कामागणिक मिळतो, म्हणून प्रत्येक भेट त्याच दिवशी लिही आणि दिलेल्या अर्जाची झेरॉक्स स्वतःजवळ ठेव. अंगणवाडी सेविका आणि उपकेंद्राच्या सिस्टर यांच्याशी भांडण झालं तरी बोलणं तोडू नकोस. लसीकरणाच्या दिवशी तिघींना एकत्रच बसायचंय. प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं एका फाइलीत लाव. दहावीवर थांबू नकोस. बारावी झालीस तर एएनएमचा अर्ज भरता येईल, पदवी घेतलीस तर माझ्या जागेवरही येशील. गावाची कामं संपायची नाहीत, म्हणून अभ्यासाची वेळ आजच घरी सांगून ठेव.