इतिहास नसलेली फाइल

विकीवर कुणी एक स्वल्पविराम हलवला तरी त्याची नोंद राहते. कुणी बदलला, कधी बदलला, आधी काय होतं, हे ‘इतिहास पाहा’वर टिचकी मारली की समोर येतं आणि नको असलेला बदल तिथल्या तिथे उलटवता येतो. या भरवशावरच एकमेकांना न ओळखणारी माणसं एका पानावर लिहू शकतात. पण विकीचा सगळा कारभार ज्या फाइलवर चालतो तिला मात्र असा इतिहास नसतो. मीडियाविकी या विकी चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये या फाइलचं नाव लोकलसेटिंग्ज. संकेतस्थळाचं नाव, पत्ता, भाषा, डेटाबेसचा पासवर्ड, कुणी वाचायचं, कुणी लिहायचं, कोणत्या फाइली चढवू द्यायच्या, हे सगळं तिच्यात. ती सर्व्हरवर असते. ज्याच्या हाती सर्व्हर आहे तो ती उघडतो, एक ओळ बदलतो, जतन करतो आणि बदल त्याच क्षणी सर्वांना लागू होतो. आधी काय होतं आणि का बदललं, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही.

मी छोट्या संस्थांचे विकी सांभाळते. त्यांतला एक कोकणातल्या अभ्यासमंडळाचा आहे. मालवणी बोलीतले शब्द, म्हणी, गावोगावची माहिती आणि म्हाताऱ्या माणसांचं ध्वनिमुद्रित केलेलं बोलणं असा त्याचा पसारा. लिहिणारे बहुतेक शिक्षक, निवृत्त मंडळी आणि दोन-चार कॉलेजची मुलं. या विकीवर जे गुदरलं ते सविस्तर सांगते, कारण असाच विकी चालवणाऱ्या अनेक मंडळांवर ते आज-उद्या गुदरू शकतं.

त्या वेळी मंडळाची तांत्रिक बाजू एका होस्टिंगवाल्याकडे होती. त्याने सगळी संकेतस्थळं नव्या सर्व्हरवर हलवली. डेटाबेस नीट आणला, चढवलेल्या फाइली आणल्या. जुनी लोकलसेटिंग्ज मात्र आणली नाही. मीडियाविकीचा इन्स्टॉलर पुन्हा चालवला, त्याने डेटाबेसमधले जुने तक्ते ओळखले आणि नवी कोरी लोकलसेटिंग्ज तयार करून दिली. मुखपृष्ठ उघडलं, लेख दिसले, काम झालं असं समजून तो मोकळा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळातल्या एका बाईंचा मला फोन: “ताई, गावांची पानं सगळी गेली.”

पानं कुठेही गेली नव्हती. मंडळाने गावांसाठी वेगळं नामविश्व केलं होतं, म्हणजे ‘गाव:आचरा’ अशा नावाची पानं. मीडियाविकी डेटाबेसमध्ये ‘गाव’ हा शब्द साठवत नाही, नामविश्वाचा क्रमांक साठवते. आमचा क्रमांक ३००० होता आणि त्याच्या चर्चापानांचा ३००१. मजकुराला सम आणि चर्चेला विषम क्रमांक, हा तिथला नियमच आहे. ३००० म्हणजे ‘गाव’ हे सांगणारी ओळ होती जुन्या लोकलसेटिंग्जमध्ये. ती ओळ नसल्यावर ‘गाव:आचरा’ शोधलं की विकी मुख्य नामविश्वात त्या नावाचा लेख शोधायचा आणि तो नाही म्हणून सांगायचा. अलीकडील बदलांच्या यादीत त्या पानांच्या जागी ‘बॅडटायटल’ आणि पुढे ‘एनएस३०००’ असली नावं उमटली होती. तीच खूण होती. अशी नावं दिसली की मजकूर शाबूत आहे आणि नामविश्वाची ओळ हरवली आहे असं समजावं.

मी फोनवर सांगितलं, काही नवीन लिहू नका. तोवर उशीर झाला होता. दोघा-तिघांनी कळकळीने आपापल्या गावांची पानं आठवणीतून पुन्हा लिहायला घेतली होती. ही नवी पानं मुख्य नामविश्वात ‘गाव:आचरा’ याच नावाने बसली. मी ३००० ची ओळ परत घातल्याबरोबर जुनी पानं उजेडात आली आणि नवी अदृश्य झाली, कारण एकाच नावावर आता दोघांचा हक्क होता. यासाठी मीडियाविकीत ‘नेमस्पेस डुप्स’ ही देखभालीची स्क्रिप्ट आहे. नुसती चालवली तर ती फक्त अडलेल्या पानांची यादी देते. दुरुस्तीचा पर्याय जोडला तरच हात लावते. टक्कर असेल तिथे नव्या पानाच्या नावाला शेपूट जोडून ते वाचवता येतं. आम्ही तेच केलं आणि मंडळाच्या लोकांनी बसून दोन्ही मजकूर एकत्र केले. कुणाची एक ओळही वाया गेली नाही, पण लोकांचे कामाचे दिवस गेले आणि काहींचा विश्वासही गेला. विश्वास परत यायला पानांपेक्षा जास्त वेळ लागला.

म्हणून माझं पहिलं सांगणं: लोकलसेटिंग्जची प्रत डेटाबेसच्या प्रतीसोबतच ठेवा, एकीशिवाय दुसरी अपुरी. नुसती प्रतही पुरत नाही, तिला इतिहास द्या. गिट हे साधन यासाठी उत्तम, एका माणसाच्या छोट्या विकीसाठीसुद्धा. प्रत्येक बदलाला एका ओळीचं कारण लिहा: अमुक तारखेच्या बैठकीत ठरल्याप्रमाणे नोंदणी उघडी केली, अमक्या विस्तारासाठी ही ओळ घातली. फाइलमध्येही प्रत्येक गटावर मराठीत टीप लिहा. दोन वर्षांनी ती फाइल उघडणारा माणूस कदाचित वेगळा असेल, आणि एखादी ओळ काढावी की ठेवावी हे त्याला टीपच सांगेल.

पासवर्ड मात्र गिटमध्ये जाऊ देऊ नये. डेटाबेसचा पासवर्ड, गुप्त किल्ली आणि अपग्रेडची किल्ली वेगळ्या फाइलमध्ये, संकेतस्थळाच्या फोल्डरबाहेर ठेवावी आणि लोकलसेटिंग्जने ती आत ओढून घ्यावी. असं केलं की उरलेली फाइल बिनधास्त सगळ्यांना दाखवता येते. विकिमीडियाकडे नेमकी हीच पद्धत आहे. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियासह शेकडो विकींच्या सेटिंग्ज तिथे सार्वजनिक आहेत, कुणीही वाचू शकतो. गुपितं तेवढी वेगळ्या फाइलमध्ये. मराठी विकिपीडियाला एखादी सेटिंग बदलून हवी असेल तर आधी चावडी या तिथल्या सार्वजनिक चर्चेच्या पानावर चर्चा होते, सहमती झाली की फॅब्रिकेटर या कामं नोंदवण्याच्या संकेतस्थळावर तशी मागणी नोंदवली जाते, मग कुणीतरी बदल लिहितो, दुसरा तो तपासतो आणि ठरलेल्या वेळी तो लागू होतो. आपल्या लहान विकीला एवढा सरंजाम नको. पण चावडी आणि दुसऱ्याची नजर, या दोन गोष्टी पाच माणसांच्या मंडळालाही परवडतात. कोण लिहू शकतं, हा निर्णय मंडळाचा आहे; सर्व्हरची किल्ली ज्याच्याकडे आहे त्याने एकट्याने तो घेऊ नये असं मला मनापासून वाटतं. आणि किल्ली किमान दोघांकडे असावी.

नव्या कोऱ्या फाइलने दुसराही घोळ केला. मीडियाविकीची मूळ रीत अशी की लॉग-इन न करताही कुणीही लिहू शकतो. जुन्या फाइलमध्ये ते बंद होतं, नव्या फाइलमध्ये नव्हतं. थोड्याच दिवसांत औषधांच्या आणि जुगाराच्या जाहिरातींची पानं उगवायला लागली. ही स्वयंचलित प्रोग्रामांची करामत. त्यांना मालवणी कळत नाही, उघडं दार कळतं. मंडळातल्या कुणीतरी होस्टिंगवाल्याला सांगितलं, संपादन बंद करा. त्याने सदस्य गटाचा संपादनाचा हक्क काढून घेतला. जाहिराती चालूच राहिल्या.

इथे परवानग्यांचं गणित समजून घ्यायला हवं, कारण याच जागी सर्वाधिक लोक अडतात. तारांकनाचं चिन्ह हा ‘सर्वजण’ गट, त्यात लॉग-इन केलेले आणि न केलेले दोघेही येतात. त्यावर सदस्यांचा गट, प्रचालकांचा गट असे थर. हक्क बेरजेने मिळतात. एखाद्या माणसाच्या कोणत्याही एका गटाला हक्क असला की तो त्याला मिळालाच. दुसऱ्या गटात ‘नाही’ लिहिल्याने तो वजा होत नाही. सर्वांना उघडं ठेवून सदस्यांना बंद करणं म्हणूनच निरुपयोगी ठरलं. बंद करायचं ते तारांकनाच्या गटात. खरोखर वजाबाकी हवी असेल तर त्यासाठी ‘रिव्होक परमिशन्स’ ही वेगळी सेटिंग आहे, ती अगदी क्वचित वापरावी. आणि बदल केल्यावर लॉग-आउट होऊन, खाजगी खिडकीतून, अनोळखी माणूस म्हणून विकी उघडून पाहावा. प्रचालकाच्या खात्यातून सगळं नेहमीच व्यवस्थित दिसतं.

नोंदणीसुद्धा बंद करून टाकावी असं बैठकीत काहींचं म्हणणं होतं. मी कडाडून विरोध केला. जिथे नवा माणूस येऊच शकत नाही तो विकी हळूहळू आटतो, आणि या मंडळाला तर गावोगावचे नवे लोक हवे होते. त्याऐवजी आम्ही नोंदणीच्या वेळी मराठीत एक प्रश्न ठेवला: कोकणात ज्याला माड म्हणतात त्याचं फळ कोणतं? हे ‘क्वेस्टी कॅप्चा’ने करता येतं आणि एका प्रश्नाला अनेक उत्तरं मान्य करता येतात. रोमन लिपीत टाइप केलेलं ‘नारळ’सुद्धा मान्य करा, सगळ्यांच्या फोनवर मराठी कळफलक नसतो. अशा जाहिरातींना एवढं पुरलं. प्रश्न अधूनमधून बदलावा.

आता ज्या गोष्टीने माझी झोप उडाली होती ती. मंडळाचा दुसरा एक विकी अंतर्गत कामाचा होता. त्यावर मुलाखत देणाऱ्यांची संमतिपत्रं स्कॅन करून ठेवलेली, त्यांत पत्ते, फोन नंबर, अंगठे. वाचनाचा हक्क सर्वांसाठी बंद होता, पान उघडलं की लॉग-इन मागायचं. पण स्कॅनच्या फाइलचा थेट दुवा दिला की ती कुणालाही उघडत होती. कारण साधं आहे: पानं मीडियाविकीतून येतात, पण चढवलेल्या फाइली वेब सर्व्हर फोल्डरमधून थेट देतो आणि त्याला तुमच्या परवानग्यांशी काही देणंघेणं नसतं. खाजगी विकीसाठी तो फोल्डर सर्व्हरवरूनच बंद करावा लागतो आणि फाइली ‘इमेज ऑथ’ या स्क्रिप्टमार्फत द्याव्या लागतात. ती आधी हक्क तपासते. ज्या म्हाताऱ्या बायांनी आपल्या ओसरीवर बसवून चहा देऊन आम्हाला शब्द सांगितले, त्यांचे फोन नंबर असे उघड्यावर असणं मला सहन होण्यासारखं नव्हतं. तुमच्याकडे खाजगी विकी असेल तर आजच एका फाइलचा दुवा कॉपी करून खाजगी खिडकीत उघडून पाहा. आणि उघड्या विकीत चार पानं लपवायचा खटाटोप करू नका. मीडियाविकी त्या कामासाठी बनलेली नाही. लपवायचं ते वेगळ्या विकीवर.

याच जातीचा एक धोका सेटिंग्जच्या प्रतींचाही आहे. बदल करण्याआधी लोक त्याच फोल्डरमध्ये लोकलसेटिंग्जची प्रत काढतात आणि नावापुढे ‘बाक’ किंवा ‘ओल्ड’ जोडतात. लोकलसेटिंग्ज ही पीएचपी भाषेतली फाइल; नावाचा शेवट पीएचपीने होत नसला की सर्व्हर ती फाइल चालवत नाही, साध्या मजकुरासारखी वाचायला देतो, डेटाबेसच्या पासवर्डासकट. अशा प्रती शोधत फिरणारे प्रोग्राम आहेत. तशी प्रत सापडली तर ती पुसून भागणार नाही, पासवर्ड आणि किल्ल्या सगळ्या बदला.

बारीकसारीक गोष्टी पटकन सांगते. फाइल विंडोजच्या नोटपॅडमध्ये संपादित करू नये; जुनं नोटपॅड सुरुवातीला न दिसणारी चिन्हं घालतं आणि विकी विचित्र वागायला लागतो. वर्डमधून किंवा फोनवरून चिकटवलेल्या ओळींत अवतरणचिन्हं वाकडी होतात, ती पीएचपीला कळत नाहीत. एक अर्धविराम सुटला तर पान कोरं पडतं, म्हणून जतन करण्याआधी पीएचपीची व्याकरण-तपासणी चालवावी. चूक शोधण्यासाठी त्रुटींचा तपशील पडद्यावर दाखवणारी सेटिंग चालू केलीत तर काम झाल्यावर आठवणीने बंद करावी. मीडियाविकीची आवृत्ती निवडताना दीर्घ मुदतीच्या आधाराची घ्यावी. डिसेंबर २०२४ मध्ये आलेली १.४३ तशी आहे, तिला तीन वर्षं दुरुस्त्या मिळतात. आणि पानाच्या नावाची लांबी कोणत्याही सेटिंगने वाढत नाही. मर्यादा २५५ बाइटची, देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइट खातं, म्हणजे काना-मात्रा धरून पंचाऐंशी चिन्हं. लांबलचक म्हणींची पानं करणाऱ्यांनी हे आधीच लक्षात घ्यावं.

एक सेटिंग मात्र मराठी विकीने मुद्दाम लक्ष देऊन लावावी: वर्गांमधल्या वर्णानुक्रमाची. काहीच केलं नाही तर विकी युनिकोडच्या क्रमांकाने शब्द लावतो. युनिकोडमध्ये ‘ळ’ येतो ‘ल’च्या लगेच नंतर, ‘व’च्या आधी. त्यामुळे ‘काळजी’ ‘कावळा’च्या आधी येते, आणि आपल्या वर्णमालेत ‘ळ’ ‘ह’च्या नंतर शिकलेला माणूस शब्दकोशात शब्द शोधत बसतो. ‘कॅटेगरी कोलेशन’ या सेटिंगने हा क्रम बदलता येतो. त्यासाठी पीएचपीचा आंतरराष्ट्रीयीकरणाचा विस्तार सर्व्हरवर हवा. सेटिंग बदलून काम पुरं होत नाही: आधीच्या नोंदी जुन्याच क्रमाने राहतात, त्या ‘अपडेट कोलेशन’ ही स्क्रिप्ट चालवून नव्या करून घ्याव्या लागतात. पुढे सर्व्हर बदलला आणि त्यावरची वर्णक्रमाची लायब्ररी नव्या आवृत्तीची असली, तर ही स्क्रिप्ट पुन्हा चालवावी लागते. आमच्या फाइलमध्ये त्या ओळीच्या वर आता हे सगळं मराठीत लिहून ठेवलं आहे, स्क्रिप्टच्या पूर्ण आज्ञेसकट.