समरकंदची सफर आणि दुकानाचे भांडवल

कापडाच्या धंद्यातील माणूस मीटरमागे एका रुपयासाठी अर्धा तास घासाघीस करतो. परंतु आयुष्यात एकदाच करावयाच्या मोठ्या खर्चाचा प्रश्न आला की तोच माणूस हिशेब सोडून देतो. गल्ल्यात रक्कम दिसली की एक जण ती उचलून मोकळा होतो. दुसरा 'पुढच्या मोसमात पाहू' म्हणत वीस वर्षे घालवतो आणि मग गुडघे जवाब देतात. पहिल्याला आपण इसराफ म्हणतो, दुसऱ्याला बुख्ल. या दोहोंमधला मार्ग कसा काढावा, याचा विचार आज आपण व्यापाऱ्याच्या पद्धतीने, म्हणजे वही उघडून करू.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. फर्ज हज ज्याच्या जिम्मे आहे, त्याच्यासाठी तो 'हौसेचा खर्च' नाही. त्याचा क्रम सर्वांत आधी. येथे आपण बोलत आहोत ते त्यानंतरच्या सफरीविषयी, जी फर्ज नाही, पण जिची ओढ मनात वर्षानुवर्षे असते.

उदाहरणादाखल उझबेकिस्तान

आम्ही उझबेकिस्तानचे उदाहरण घेतो, कारण आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या मनात ही सफर असते. इमाम बुखारी यांचा जन्म इ. स. ८१० मध्ये बुखाऱ्याला झाला. ८७० मध्ये समरकंदजवळ खरतंग येथे त्यांचे निधन झाले आणि त्यांची कबर तेथेच आहे. समरकंदच्या रेगिस्तान चौकात तीन मदरसे समोरासमोर उभे आहेत. त्यांतील सर्वांत जुना उलुगबेगचा, १४१७ ते १४२० या काळात बांधलेला. याच उलुगबेगने पुढे तेथे वेधशाळाही उभारली. बुखारा १९९३ पासून आणि समरकंद २००१ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

आपल्या धंद्याच्या दृष्टीने मात्र खरे ठिकाण फरगाना खोऱ्यातील मर्गिलान. हे रेशमाचे जुने गाव. तेथे ताण्याचे धागे विणण्यापूर्वीच जागोजागी बांधून रंगवतात, म्हणजे पाटणचा पटोला किंवा पोचमपल्लीच्या साड्या ज्या तत्त्वावर होतात तेच काम. या कामाला तेथे 'अब्र' हा शब्द आहे. उर्दू शिकलेल्याला अर्थ सांगावा लागत नाही: अब्र म्हणजे ढग. नक्षीच्या कडा ढगासारख्या एकमेकींत मिसळतात म्हणून हे नाव. ताणा रेशमाचा आणि बाणा सुताचा असलेल्या कापडाला तेथे अदरस म्हणतात. आपल्याकडील मशरू आणि औरंगाबादी हिमरू यांतही रेशीम व सूत एकत्र येते. ज्या माणसाने उभा जन्म कापडात घालवला, त्याला हे माग चालताना पाहणे ही नुसती करमणूक नव्हे. म्हणूनच मन ओढ घेते, आणि म्हणूनच हिशेब अधिक जपून करावा लागतो.

गल्ल्यातील पैसा कोणाचा?

आमच्या मते 'ही सफर एवढ्या पैशाच्या लायक आहे काय?' हा पहिला प्रश्न नव्हे. पहिला प्रश्न हा की, हा पैसा कोणाचा आहे?

गल्ल्यातील रकमेत किती जणांचा वाटा असतो ते पाहा. ज्याच्याकडून माल उधार आणला तो विणकर, महिनाभर राबलेला कारागीर, जकातीचे हकदार, आणि भावाभावांचे एकत्र दुकान असेल तर भाऊ. यांचा वाटा आपल्याकडे अमानत आहे. कायद्यानेही आता हे कडक केले आहे. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेल्या उत्पादकाचे देणे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागते. मुदत चुकली तर २०२४-२५ या कर-आकारणी वर्षापासून तो खर्च पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत आयकराच्या हिशेबात धरला जात नाही. म्हणजे विणकराचे पैसे अडकवून समरकंदला जाणारा माणूस त्याचा हक्कही मारतो आणि स्वतःचा करही वाढवतो.

हिशेब मांडून पाहा

समजा, एका मध्यम दुकानदाराची स्थिती अशी आहे. खरेदी दराने माल १२ लाख, ग्राहकांकडून येणे ६ लाख, रोख व बँकेत २ लाख; एकूण २० लाख. यातून दोन मोसम न विकलेला, रंग उडालेला माल २ लाखांचा वजा करा. वर्ष उलटलेली उधारी दीड लाखाची, तीही वजा करा. ती आली तर अल्लाहची मेहरबानी, पण तिच्या भरवशावर तिकीट काढू नये. व्यापाऱ्यांचे देणे ७ लाख वजा केले की राहिले साडेनऊ लाख.

आता पुढच्या मोसमाची खरेदी, भाडे आणि पगार यांसाठी लागणारे भांडवल ८ लाख बाजूला ठेवा. जकातीचे सुमारे २५ हजार काढा. हाती उरतात सव्वा लाख. गल्ल्यात दोन लाख दिसत होते आणि वसुली सहा लाखांची होती, तरी खऱ्या अर्थाने आपले म्हणता येतील असे सव्वा लाखच.

नवरा-बायको दोघांच्या सफरीचा खर्च तीन लाख धरला तर यंदा जाता येत नाही. परंतु उत्तर 'नाही' असे नसून 'दोन वर्षांनी' असे आहे. सव्वा लाख आज वेगळ्या खात्यात टाकावेत आणि राहिलेल्या पावणेदोन लाखांसाठी २४ महिने दरमहा सुमारे ७,३०० रुपये. ज्यांना स्वतःहून शिल्लक टाकणे जमत नाही त्यांनी भिशी धरावी. मात्र बोली लावून पैसे कापून घेण्याची भिशी नको, पाळीपाळीची साधी असावी.

कारागीर बांधवांचा हिशेब थोडा निराळा. त्यांचे भांडवल म्हणजे माग, मशीन आणि दोन हात. त्यांनी आधी सहा महिन्यांचा घरखर्च आणि एका मोठ्या दुरुस्तीची रक्कम शिलकीत ठेवावी, मगच सफरीचे खाते उघडावे. हत्यार विकून किंवा गहाण ठेवून केलेली सफर परत आल्यावर महिनोन् महिने उपाशी ठेवते.

खर्च कोठे, काटकसर कोठे

पैसा आपला आहे हे ठरले की मग हात आखडू नये, पण तो योग्य जागी सोडावा. सफरीचे दोन भाग करा: जे फक्त तेथेच मिळते आणि जे कोठेही मिळते. रेगिस्तानचा चौक, बुखाऱ्याच्या जुन्या गल्ल्या, मर्गिलानचे माग हे तेथेच. मऊ गादी, मोठे हॉटेल आणि भरगच्च नाश्ता हे मुंबईतही मिळते.

ठरावीक सहलीत बहुधा ताश्कंद, समरकंद आणि बुखारा असते. मर्गिलान हवे असेल तर वेगळे मागावे लागते आणि त्यासाठी दिवस वाढतो. हॉटेलचा एक दर्जा कमी करून तो दिवस विकत घ्यावा. ताश्कंद ते समरकंद २०११ पासून वेगवान रेल्वे आहे, ती २०१६ पासून बुखाऱ्यापर्यंत जाते. फरगाना खोऱ्यातही त्याच वर्षापासून डोंगरातील बोगद्यातून थेट रेल्वे जाते. तेव्हा प्रत्येक ठिकाणी खास मोटार हवीच असे नाही. मात्र मागावर नेऊन कारागिराशी बोलणे करून देणारा जाणता दुभाष्या घ्यावा. तेथे पैसा वाचवू नये. किताब, बाजार, मकतब असे शब्द थोड्या फरकाने तेथेही कानी पडतात, पण धाग्याचा नंबर आणि रंगाची कृती विचारायला तेवढ्यावर भागत नाही.

मोसम आणि वय

तेथे जुलै-ऑगस्टचा उन्हाळा कडक आणि डिसेंबर-जानेवारीची थंडीही कडक. एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे चांगले महिने. पण लग्नसराईचा माल विकणाऱ्याला एप्रिल-मे सोडवत नाही आणि दिवाळीचा माल भरणाऱ्याला सप्टेंबर. ज्याचा धंदा ईदेवर आहे त्याची गोष्ट वेगळी. २०२६ मध्ये ईद मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात होती आणि ती दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे येते. म्हणजे येत्या काही वर्षांत ईदेची विक्री व वसुली आटोपून एप्रिल मोकळा मिळेल. ज्याने त्याने आपल्या धंद्याचा सुस्त महिना आणि तेथील हवा यांचा मेळ घालावा.

दुसरा मोसम शरीराचा. भांडवल पुन्हा उभे राहते, पण चालण्याची ताकद उधारीवर मिळत नाही. साठीनंतर जुन्या शहरांच्या पायऱ्या आणि फरसबंदी जड जाते. पैसा जमलेला असताना, देणे फिटलेले असताना केवळ धास्तीने सफर ढकलत राहणे हाही तोटाच, फक्त तो वहीत दिसत नाही. घरात बायकोने तीस वर्षे जो हिशेब सांभाळला, तिचा या शिलकीवर हक्क आहे हेही विसरू नये.

कर्ज, कर आणि वही

हप्त्यावर सफर करविणाऱ्या जाहिराती आता सर्रास येतात. व्याज हराम आहेच. शिवाय धंद्याच्या नजरेनेही ज्या गोष्टीपासून उत्पन्न नाही तिच्यासाठी कर्ज काढणे हा वाईट सौदा.

परदेशी सहलीच्या पॅकेजवर ऑक्टोबर २०२० पासून टीसीएस कापला जातो. त्याचे दर अनेकदा बदलले आहेत, म्हणून आरक्षणाच्या वेळचा दर आपल्या कर सल्लागाराला विचारावा. हा वेगळा खर्च नव्हे. विवरणपत्र भरताना तो आपल्या करातून वळता होतो किंवा परत मिळतो. पण तोपर्यंत ती रक्कम अडकते, म्हणून तिचीही तरतूद ठेवावी आणि पॅन बरोबर नोंदवावे.

शेवटची गोष्ट वहीची. घरच्या सफरीला 'धंद्याचा दौरा' असे नाव देऊन दुकानाच्या खर्चात टाकू नये. ते कायद्यात बसत नाही आणि भागीदाराच्या वाट्यात हात घालणे होते. ती रक्कम मालकाची उचल म्हणूनच लिहावी, आणि भावांना व भागीदारांना तिकीट काढण्यापूर्वी सांगावी.

तेव्हा तीन प्रश्न कागदावर लिहा. सर्वांचे देणे दिल्यावर हा पैसा माझाच आहे काय? मी परत येईन तेव्हा दुकान किंवा माग पहिल्याच दिवशी चालू शकेल काय? आणि मी ज्यासाठी पैसा देतो ते फक्त तेथेच मिळणारे आहे काय? तिन्हींचे उत्तर 'होय' असेल तर बिस्मिल्लाह करून निघावे आणि वाटेत रुपये मोजत बसू नये. एकाचेही उत्तर 'नाही' असेल तर तारीख पुढे ढकलावी. इरादा मात्र कायम ठेवावा.