मधाच्या मद्यास जांभळाचा स्वाद

ज्येष्ठात बदलापूर-कल्याणकडील जांभळे एकदम पिकतात. फळ टिकत नाही, व मिळेल त्या भावाने द्यावे लागते. मधाच्या मद्यास स्वाद आणण्याकडे त्याचा चांगला उपयोग होतो. तथापि आरंभीच सांगणे अवश्य आहे की, १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वये परवान्यावाचून घरी असे मद्य करणे गुन्हा आहे. सबब पुढील कृती परवाना असणारांकरिताच समजावी.

मधात साखर फार दाट असल्याने तो आपोआप आंबत नाही. एक किलो मधास तीन लिटर पाणी घालून किण्व, म्हणजे यीस्ट, मिसळले की आंबणे सुरू होते. पुष्कळ लोक फळ याच वेळी घालतात, आणि येथेच चूक होते. आंबताना जोराने निघणारा कर्बाम्ल वायू फळाचा सुवास बरोबर नेतो. मागे रंग व तुरटपणा तेवढा राहतो. याकरिता दोन-तीन आठवड्यांनी फेस बसल्यावर, गाळ खाली ठेवून, वरील निवळ दुसऱ्या भांड्यात घ्यावी व लिटरमागे सुमारे २०० ग्रॅम गर घालावा. बिया ठेचू नयेत, कडूपणा उतरतो. फळ उकळू नये, मद्य गढूळ राहते. फळातील साखरेने पुन्हा फेस येतो. तो पुरता थांबल्यावाचून बाटल्या बंद केल्यास त्या फुटतात.

पुणे व नाशिक येथे असे परवान्याचे कारखाने निघाले आहेत. आमच्या मते, त्यांस निवडक, न फुटलेले फळ व स्वच्छ मध पुरविणे हाच बागाईतदारास निर्धास्त मार्ग होय.