लंगडणाऱ्या तलंगेची मांडी उघडून बघा

अंड्यावर येण्याच्या बेतात असलेल्या आमच्या तलंगा एकेक करून लंगडू लागल्या. एक पाय पुढे, एक मागे, अशा फताड्या बसायच्या. भूक असायची, पण खाद्याच्या भांड्यापर्यंत पोचता यायचं नाही. खाद्यवाला म्हणाला, जीवनसत्त्वं कमी पडतायत. डॉक्टरांनी मात्र मेलेली तलंग फाडली आणि दोन्ही मांड्यांतली मोठी नस शेजारी शेजारी दाखवली. एक पांढरी, चकचकीत, बारीक आडव्या रेषांची. दुसरी दुपटीने जाड, पिवळट, रेषा पुसलेली. यकृतावर राखाडी गाठी. मॅरेक्स!

हंगेरीच्या योझेफ मारेक यांनी १९०७ मध्ये या रोगाची नोंद केली. माणसाची नागीण ज्या कुळातल्या विषाणूमुळे होते, त्याच कुळातला हा विषाणू. पिसांच्या मुळाशी तयार होतो, कोंड्यातून धुळीत मिसळतो आणि शेडमध्ये महिनोन्‌महिने जिवंत राहतो. अंड्यातून मात्र येत नाही. अँटिबायोटिकवर पैसे घालवू नका, उपाय नाही.

गाठी ल्युकोसिसनेही होतात. तो विषाणू वेगळा, आईकडून अंड्यातून उतरणारा. गाठी बहुधा चार महिन्यांनंतर दिसतात, नस जाड होत नाही. त्यावर लस नाही; ब्रीडर कळप तपासून स्वच्छ ठेवणं हाच मार्ग. म्हणून नुसत्या गाठी बघून निदान करू नका, नमुने प्रयोगशाळेत पाठवा. शेजारीपाजारी घाबरून विचारतात, पण हे दोन्ही रोग माणसाला होत नाहीत.

मॅरेक्सची लस पिल्लाला पहिल्याच दिवशी, हॅचरीतच टोचतात. तिच्यातला विषाणू जिवंत पेशींमध्ये असतो, म्हणून ती द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर ठेवावी लागते. एकदा वितळली की तास-दोन तासांत संपवायची. उशीर झाला तर सुई टोचल्याचं फक्त समाधान. आणि ही लस गाठी रोखते, संसर्ग रोखत नाही. तिचा परिणाम व्हायला आठवडाभर तरी लागतो. तेवढे दिवस पिल्लांना मोठ्या कोंबड्यांची धूळ लागता कामा नये. जुनं तूस पूर्ण काढा, जाळ्या-पंख्यांवरची धूळ झाडून धुवा. कामगाराने आधी पिल्लांकडे जावं, मग मोठ्या शेडमध्ये, उलट नाही.

पुढची पिल्लं मागवताना लसीचं नाव आणि बॅच नंबर बिलावर लिहून मागा. जी हॅचरी देत नसेल, तिच्याकडून पिल्लं घेऊ नका.